आत सांगितलं, बाहेर नाही. ही चूक आपली नाही का?

जुनी_ओटी_सिस्टर
२०१५ ते २०१७ मी बीड जिल्ह्यातल्या एका खासगी दवाखान्यात ओटीला (ऑपरेशन थिएटरला) सिस्टर होते. दसऱ्याच्या आधी, ऊसतोडीला निघायच्या दिवसांत, गर्भपिशवी काढायच्या केस वाढायच्या. एक बाई डोळ्यांपुढून जात नाही. वय २६, दोन लेकरं. तक्रार एवढीच की अंगावरून पांढरं जातं. सोनोग्राफी झाली, ‘पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल’ म्हणून सांगितलं. पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी, नाही, आधी गोळ्या देऊन बघणं नाही. तिसऱ्या दिवशी टेबलावर. काढलेली पिशवी तपासणीला पाठवायला मी फॉर्मालिनची बाटली भरून ठेवली होती, ती तशीच राहिली.

मेट्रनला (मुख्य सिस्टरला) सांगितलं, मग डॉक्टर सरांना. “सिस्टर, तुम्ही इन्स्ट्रुमेंट बघा.” संपलं. जिल्हा रुग्णालय बसनं पाऊण तासावर. मी गेले नाही.

२०१९ मध्ये सरकारनं आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आकडा वाचून जेवण गेलं नाही. आत सांगितलं म्हणजे माझं काम झालं, असं मी तोवर मनाला समजावत होते. पण आत सांगणं म्हणजे ज्याच्याबद्दल तक्रार, त्यालाच सांगणं होतं. बाहेर न सांगणारे आपणही दोषी आहोत, असं माझं ठाम मत आहे.

नाईट_ड्युटी
ताई, राग मानू नका, पण मला हे पटत नाही. माझे ओरिजिनल कागद दवाखान्याच्या कपाटात आहेत. पगार ९ हजार, घरी सासू आणि शाळेतली दोन पोरं. गावात तीन दवाखाने, तिन्ही डॉक्टर एकमेकांचे मित्र. सकाळी अर्ज दिला तर दुपारी सरांना फोन. तक्रारदाराला संरक्षण देणारा कायदा २०१४ ला झाला, तो अजून लागू नाही. लागू झाला तरी सरकारी माणसांविरुद्धच्या तक्रारींसाठी. खासगीतल्या सिस्टरला कोण वाचवणार? दोष सगळ्यात खालच्या माणसावर टाकणं मला अन्याय वाटतो.

तालुक्याचा_सर्जन
माझा विरोध वेगळा आहे. ओटीत उभं राहून सगळं दिसत नाही. गाठी आहेत, रक्तस्राव थांबत नाही, औषधाला दाद नाही, हे ओपीडीच्या कागदावर असतं. आणि बाया स्वतः म्हणतात, ‘डॉक्टर, काढूनच टाका, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो.’ आगाऊ घेतलेली उचल फिटायची असते. शिवाय एका अर्जावर डॉक्टरचं नाव पेपरात येतं, चौकशीत तो सुटेपर्यंत ओपीडी ओस पडते.

जुनी_ओटी_सिस्टर
डॉक्टर, बाया मागतात हे मीही ऐकलंय. पण २६ वर्षांच्या बाईनं मागितली म्हणून काढायची? मला चूक-बरोबर ठरवायचं नव्हतं, कोणीतरी येऊन कागद तपासावेत एवढंच हवं होतं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत लिहिलंय की डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरचं गैरवर्तन न भिता उघड करावं. भूल द्यायला बाहेरून डॉक्टर यायचे. ते आमच्या दवाखान्याचे पगारी नव्हते. ते का गप्प राहिले?

तालुक्याचा_सर्जन
एकाचं नाव घेतलं की बाकीचे बोलावणं बंद करतात, म्हणून. हे लिहिताना बरं वाटत नाही.

कोयत्याचं_पोरगं
माझ्या मायची पिशवी ३१ व्या वर्षी काढली. आज ४३ ची आहे, कंबर धरून उठती. पुढच्याच वर्षी फाईल मागायला गेलो तर ‘सापडत नाही’ म्हणले. मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचा नियम आहे, हे लई उशिरा कळलं. नाईट ड्युटी ताई, तुमचं पोट मला समजतं, आम्ही बी पोटासाठीच फडात जातो. पण मायला कोणी बाजूला घेऊन ‘आधी सरकारी दवाखान्यात दाखवा’ एवढं म्हणलं असतं तरी पुरं होतं. त्याला अर्ज लागत नव्हता.

नाईट_ड्युटी
तेवढं मी करते, दादा. जिन्यात गाठून सांगते. तीन-चार जणी परत गेल्या. त्याच्या पुढं माझी हिंमत होत नाही.

जुनी_ओटी_सिस्टर
बाई, ते मोठंच काम आहे. पण एक परत जाते आणि तिच्या जागी दुसरी येते. आता जिल्ह्यात पिशवी काढायला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते, तीही बाहेर बोंब झाली म्हणूनच आली. मी आज त्या दवाखान्यात नाही, मला भीती कमी. जे आठवतंय ते त्यांनाच लेखी देणार आहे. महिना, वय, कुठली तपासणी झाली नाही. बायांची नावं नाही.

नाईट_ड्युटी
द्या. पण तुमच्यासोबत ओटीत आणखी सिस्टर असतील, त्या अजून तिथंच असतील. त्यांना विचारल्याशिवाय त्यांची नावं घालू नका.

जुनी_ओटी_सिस्टर
दोघी होत्या. एक अजून तिथंच आहे. आधी तिला फोन करते.