‘सर, माझ्या मुलाला मागे नका हो ठेवू’ : डिफेंडरचं करिअर खरंच घाट्याचं असतं का?

पामबीच_पहाटे (धागाकर्ता)

रविवारी सकाळी नेरूळच्या यशवंतराव चव्हाण मैदानावर आम्ही चार-पाच हौशी मंडळी तेरा-चौदाच्या पोरांचा फुटबॉलचा सराव घेतो. प्रशिक्षक म्हणवून घ्यायची लायकी नाही. शंकू मांडतो, शिट्टी फुंकतो, भांडणं सोडवतो. गेल्या रविवारी एका मुलाला विंगवरून (पुढची कडा) काढून स्टॉपरला, म्हणजे आपल्या गोलसमोर बचावाच्या मधोमध, उभं केलं. उंच आहे, डोकं थंड आहे, आणि बॉल आत्ता कुठे आहे यापेक्षा पुढे कुठे पडणार हे त्याला आधी कळतं. सराव संपल्यावर त्याचे वडील आले. म्हणाले, "सर, त्याला मागे नका हो ठेवू. मागच्याला कोण बघतं? सिलेक्शनवाले गोल मोजतात."

माझं मत बरोबर उलटं आहे. आपल्याकडच्या पोराला या खेळावर पोट भरायचं असेल तर पुढच्यापेक्षा मागच्याला जास्त वाव आहे.

पुढे खेळायला वेग लागतो, तो तिशीत उतरतो. मागे खेळायला अंदाज लागतो, तो वयाबरोबर पक्का होतो. इटलीचा माल्दिनी १९८५ ते २००९ एकाच एसी मिलानकडून खेळला. आधी लेफ्ट बॅक (बचावाची डावी कडा), पाय जड झाल्यावर स्टॉपर, आणि चाळिशी गाठूनच थांबला. पेपे २०२४ च्या युरोत ४१ व्या वर्षी पोर्तुगालच्या बचावात उभा होता. आता कोणी म्हणेल, परदेशातली उदाहरणं देऊ नका. बरं, मग संदेश झिंगन घ्या. चंडीगडचा पोरगा. २०१४ च्या पहिल्याच आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) उदयोन्मुख खेळाडूचा मान मिळाला, २०२० ला अर्जुन पुरस्कार. हे सगळं मागे उभं राहून.

तुम्हाला काय वाटतं? उगाच गोड बोलू नका, मुद्द्याचं बोला.

कोपरीकर

वडिलांचं काय चुकलं? २००६ मध्ये कान्नावारोला बालोन दोर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळाला, त्यानंतर एकाही डिफेंडरला नाही. २०१९ ला स्टॉपर व्हॅन डाइक सात गुणांनी हुकला. जगाला कळत नाही तिथे नेरूळच्या सिलेक्शनवाल्याला काय कळणार.

जुना_स्टॉपर_कळवा

धागाकर्ते साहेब, हेतू चांगला आहे तुमचा, पण अर्धीच गोष्ट सांगताय. मी नऊ वर्षं स्टॉपर खेळलोय म्हणून लिहितो.

आयएसएलमध्ये २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळवता येतात. त्याआधी पाच होते, सुरुवातीला सहा. क्लब हे चार कुठे लावतो? एक स्ट्रायकर, एक-दोन मिडफिल्डला आणि एक स्टॉपर. संघाचा कणा विकतचा आणि कडेला आपली पोरं. मुर्तदा फॉल आठवतो का? सेनेगलचा. गोव्याकडून खेळला, मग मुंबई सिटीकडून. कॉर्नरला पुढे जाऊन इतके गोल मारायचा की स्ट्रायकर लाजतील. अशा माणसाच्या शेजारी एकच देशी स्टॉपर उभा राहतो. म्हणजे अख्ख्या लीगमध्ये देशी स्टॉपरच्या जागा किती उरल्या, मोजा बोटांवर.

आणि ज्या झिंगनचं नाव घेतलंत त्याची दुसरी बाजू पण लिहा ना. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गुडघ्याचं लिगामेंट गेलं, अख्खा हंगाम बुडाला. २०२१ ला क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबकडे गेला, तिथे दुखापत झाली, लीगचा एकही सामना न खेळता परत आला. २०२४ च्या जानेवारीत आशियाई चषकात पुन्हा. तो झिंगन आहे म्हणून दरवेळी त्याला कोणीतरी उभं केलं. माझा गुडघा गेला तेव्हा मी एका ऑफिस टीमकडे कंत्राटावर होतो. ऑपरेशन माझ्या पैशानं झालं आणि पुढच्या मोसमाच्या यादीत नाव नव्हतं. कोणी फोनसुद्धा केला नाही.

हंडीत खालच्या थराचं नाव कोणी घेत नाही म्हणतात. अहो, खालच्या थराला निदान बक्षिसाच्या वाटणीत हिस्सा मिळतो.

ऐरोली_सेक्टर_आठ

स्टॉपरदादा, गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. पण राहुल भेकेला कसे विसरलात? आपला मुंबईचा. २०१९ ची आयएसएल फायनल अंधेरीत झाली, बंगळुरू विरुद्ध गोवा. जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर भेकेचं हेडर, आणि बंगळुरू १-० नं चॅम्पियन. पुढे मुंबई सिटीत आला, आणि २०२४ ला कोलकात्यात मोहन बागानला ३-१ नं हरवून करंडक उचलला तेव्हा कप्तान तोच होता. मराठी आडनावाचा डिफेंडर, गावच्याच संघाचा कप्तान. अजून काय पाहिजे?

जुना_स्टॉपर_कळवा

विसरलो नाही. उलट माझाच मुद्दा आहे तो. भेके बंगळुरूत बराच काळ राइट बॅक होता. कडेला! साइड बॅकच्या जागेवर क्लब सहसा परदेशी माणूस खर्च करत नाही. तिथे सामने मिळाले, अनुभव साठला, मग आत सरकला. माल्दिनीचं पण तुम्हीच लिहिलंत की, आधी लेफ्ट बॅक. तेरा वर्षांच्या पोराला थेट स्टॉपरला गाडलं तर तो फक्त हाणायला शिकतो. पहिला टच कच्चा राहतो, आणि आजकाल गोलकीपरसुद्धा पासिंग करतो.

पोखरण_रोड_नंबर_दोन

मी फिजिओ आहे आणि बारा वर्षांच्या मुलाची आई. गुडघ्यावर सगळे बोललात, डोक्यावर कोणीच नाही.

ग्लासगो विद्यापीठानं स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या होत्या. २०१९ मध्ये निष्कर्ष आला की मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारानं मृत्यू होण्याचं प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्य लोकांच्या साधारण साडेतीन पट आहे. २०२१ मध्ये जागेनुसार फोड केली. गोलकीपरचा धोका जवळजवळ सामान्य माणसाइतकाच, आणि सगळ्यात जास्त कोणाचा, तर डिफेंडरचा, सुमारे पाचपट. उंच आलेला प्रत्येक बॉल परतवायचा कोणी, तर स्टॉपरनं. राफाएल व्हरान विश्वचषक जिंकलेला स्टॉपर, डोक्याला बसलेल्या माराबद्दल तो २०२४ मध्ये स्वतः उघड बोलला. त्याच वर्षी ३१ व्या वर्षी निवृत्त झाला, गुडघ्यामुळे.

इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या सरावात हेडिंग, म्हणजे डोक्यानं बॉल मारणं, करून घेत नाहीत. आपल्याकडे मी मैदानाबाहेर उभी असते तेव्हा काय ऐकू येतं? "डोकं लाव! घाबरतोस काय!"

कोपरीकर

ताई, ते जुने खेळाडू. तेव्हाचा चामड्याचा बॉल पावसात भिजून दगड व्हायचा. आताचा हलका असतो.

पोखरण_रोड_नंबर_दोन

हलका नाही, फक्त पाणी पीत नाही. कोरड्या बॉलचं वजन नियमानं ४१० ते ४५० ग्रॅम, तेव्हाही जवळपास तेवढंच होतं. आणि भिजलेला जड बॉल हळू यायचा, आताचा सुसाट येतो. मी मुलाला फुटबॉल बंद केलेला नाही. हेडिंग उशिरा शिकवा आणि मोजून करून घ्या, एवढंच म्हणणं आहे.

कासारवडवली_टर्फवाला

तुम्ही सगळे मैदान आहे असं धरून बोलताय. आमच्या घोडबंदर पट्ट्यात पोरं जाळीच्या पिंजऱ्यात, पाच-पाचच्या टीमनं, तासाचे पैसे वाटून खेळतात. टर्फवर ऑफसाइड नसतो, म्हणजे समोरचा आपल्या डिफेंडरच्या मागे आधीच जाऊन उभा राहिला तरी चालतं. ऑफसाइड नाही म्हणजे बचावाची एक सरळ लाइन धरणं नाही, मागचा माणूस ओरडून चौघांना पुढे काढतो ते नाही. लांब क्रॉस नाही, कारण वर जाळी. बॉल भिंतीला आपटून परत येतो, त्यामुळे क्लिअर कुठे करायचा हा प्रश्नच येत नाही. टर्फवर ड्रिबल करणारे डझनभर तयार होतील, डिफेंडर एक होणार नाही. म्हणून धागाकर्त्यांशी सहमत, पण वेगळ्या कारणानं. पूर्ण मापाच्या मैदानावर लाइन धरायला शिकलेला पोरगा आपल्याकडे दुर्मीळ आहे, आणि दुर्मीळ मालाला भाव येतो.

(अवांतर: मी टर्फच चालवतो. पोटावर पाय आणणारं लिहिलंय, मित्रांनी सांभाळून घ्यावं.)

घणसोली_लोकल

भाव कुठे येतो ते तरी सांगा. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा हंगामच थांबवल्याचं क्लबांना कळवलं. आयोजक कंपनी आणि भारतीय फुटबॉल महासंघाचा करार डिसेंबरला संपणार होता म्हणून. काही क्लबांनी पगार रोखले. त्या पगारातून डिफेंडर काय आणि स्ट्रायकर काय? आमच्या काकांच्या पिढीला एअर इंडिया होती, ओएनजीसी, रेल्वे, बँका होत्या. खेळ संपला तरी टेबल-खुर्ची राहायची. महिंद्रा युनायटेडसारखा राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ २०१० मध्ये बंद झाला. आधी दहावी-बारावी नीट करा म्हणावं.

पामबीच_पहाटे

बरंच पदरात पडलं. हेडिंगचं ताईंचं म्हणणं बिनशर्त मान्य. या रविवारपासून उंच बॉलचा सराव आमच्याकडे छातीवर घेऊन, डोक्यानं नाही. घणसोलीकर, शाळेचं तुमचं खरं, पण ते स्ट्रायकरलाही लागू आहे, म्हणून इथे मोजत नाही.

"मागच्याला कोण बघतं" यावर मात्र माघार नाही. ३० ऑक्टोबर २०२२, डी. वाय. पाटील, १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची फायनल, स्पेन-कोलंबिया. मी लेकीला घेऊन गेलो होतो. ८२ व्या मिनिटाला कोलंबियाच्या डिफेंडरकडून स्वतःच्याच जाळ्यात बॉल गेला आणि सामना १-० नं तिथेच संपला. आना गुस्मान तिचं नाव. परत येताना लेक म्हणाली, "बाबा, आता तिला कोणी टीममध्ये घेणार नाही ना?" २०२३ मध्ये बायर्न म्युनिकनं घेतलं, आणि त्याच वर्षी ती मोठ्या विश्वचषकातही खेळली. म्हणजे त्या सामन्यात एकाच चुकीकडे न बघता सगळी ९० मिनिटं बघणारं कोणीतरी होतं.

जुना_स्टॉपर_कळवा

म्युनिकवाले बघतात हो. आपल्या ट्रायलला पोराला वीस मिनिटं मिळतात. त्या वीस मिनिटांत समोरचा त्याच्या बाजूला आलाच नाही तर वहीत काय लिहिणार? कोरी जागा.

पामबीच_पहाटे

याला उत्तर नाही माझ्याकडे.

बाय द वे, त्या वडिलांना धागा पाठवला होता. सगळा वाचला त्यांनी, भेकेपर्यंत आल्यावर फोन केला. "सर, मग राइट बॅकला ठेवता का?"

जुना_स्टॉपर_कळवा

पोरगा उंच आहे म्हणालात ना? आणि बॉल कुठे पडणार ते आधी कळतं?

पामबीच_पहाटे

हो.

जुना_स्टॉपर_कळवा

मग राइट बॅकला वाया जाईल. स्टॉपरलाच ठेवा. रविवारी किती वाजता असता तुम्ही? ठाण्याहून पहाटेची नेरूळ लोकल पकडतो.

पामबीच_पहाटे

अहो, पण नऊ वर्षांचं रडगाणं तुम्हीच तर… असो. साडेसहा. पाणी स्वतःचं आणा.