उबंटू अपग्रेडनंतर वायफायचे मॉड्यूल सापडत नाही, मदत हवी आहे

हळदपेठ:
नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डातील आमच्या अडत दुकानाच्या लॅपटॉपवर उबंटू या लिनक्स प्रणालीचे अपग्रेड केल्यापासून वायफाय पूर्णपणे नाहीसे झाले असून, वायफाय कार्डाचे 'डब्ल्यूएल' हे ड्रायव्हर मॉड्यूल सुरू करणारी 'मॉडप्रोब डब्ल्यूएल' ही आज्ञा दिल्यावर मॉड्यूल सापडले नाही एवढेच उत्तर मिळते. सौद्यांच्या पट्ट्या याच लॅपटॉपवरून पाठवाव्या लागतात, त्यामुळे कृपया लवकर उपाय सांगावा.

कृष्णाकाठ:
कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेलात, वायफाय कार्ड कोणते आहे आणि चालू कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) आवृत्ती सांगणारी 'युनेम -आर' ही आज्ञा काय दाखवते, हे कळल्याशिवाय उपाय सांगणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होईल. उपकरणे आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवणाऱ्या 'एलएसपीसीआय -एनएनके' या आज्ञेचे वायफायपुरते उत्तरही द्यावे.

अजिंक्यतारा:
दुरुस्तीत वेळ न घालवता उबंटू नव्याने टाकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वेळी 'होम'साठी, म्हणजे आपल्या फायलींसाठी, डिस्कचा वेगळा भाग (पार्टिशन) ठेवावे. साताऱ्यातील आमच्या कार्यालयात सर्व संगणकांवर मी तसेच केले आहे.

हळदपेठ:
२२.०४ वरून २४.०४ वर गेलो. कर्नल ६.८ आहे. कार्ड ब्रॉडकॉमचे, बीसीएम४३१४२. हंगामात सगळे नव्याने टाकणे शक्य नाही.

यवतेश्वर:
ब्रॉडकॉम असेल तर 'बी४३' ड्रायव्हरचे फर्मवेअर (कार्डात भरायचा प्रोग्रॅम) टाकावे. माझ्या जुन्या लॅपटॉपवर त्यानेच काम झाले.

कृष्णाकाठ:
यवतेश्वर, आपले कार्ड वेगळे असणार. 'बी४३' हा ड्रायव्हर बीसीएम४३१४२ चालवत नाही. शिवाय फर्मवेअर नसणे आणि मॉड्यूलच नसणे हे दोन निराळे दोष आहेत. 'डब्ल्यूएल' हे मॉड्यूल कर्नलसोबत येत नाही. डीकेएमएस हे साधन ते प्रत्येक कर्नलसाठी, त्या कर्नलच्या हेडर्सच्या (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फायलींच्या) आधारे, आपल्याच संगणकावर तयार करते, आणि म्हणून जुन्या ५.१५ कर्नलसाठी तयार झालेले मॉड्यूल ६.८ ला उपयोगी पडत नाही. हळदपेठ, 'डीकेएमएस स्टेटस'मध्ये ६.८ दिसते का? अपग्रेड शेवटपर्यंत पूर्ण झाले होते का?

यवतेश्वर:
मान्य, तरीही लिनक्सला चालणारे यूएसबी वायफाय डोंगल घेतले तर दर अपग्रेडला हा त्रास राहणार नाही.

हळदपेठ:
फक्त ५.१५ दिसते. अपग्रेड चालू असताना लाईट गेली होती आणि बॅटरी धरत नसल्यामुळे लॅपटॉप बंद पडला. नंतर मात्र २४.०४ नीट सुरू झाले.

कृष्णाकाठ:
मग मूळ तेथेच आहे. नवे कर्नल बसले, पण बाकीची पॅकेजेस अर्धवट राहिली. संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रब या मेनूच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून ५.१५ निवडून सुरू करावे, तेथे वायफाय बहुधा चालेल. न चालल्यास मोबाईल यूएसबीने जोडून इंटरनेट घ्यावे. मग आधी 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', त्यानंतर 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' आणि शेवटी 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' या आज्ञा द्याव्यात. हेडर्स बसताना डीकेएमएस ६.८ साठी मॉड्यूल आपोआप तयार करेल. ६.८ मध्ये वायफाय दिसेपर्यंत अनावश्यक पॅकेजेस काढणारी 'ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा कृपया चालवू नये, कारण तिने जुने कर्नल काढून टाकले तर परतीचा मार्गच राहणार नाही. मॉड्यूल तयार होऊनही 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असा संदेश आला, तर सिक्युअर बूट (सही नसलेले मॉड्यूल रोखणारी सुरक्षा) त्याला अडवत आहे असे समजावे.

अजिंक्यतारा:
एवढ्या वेळात नवे उबंटू टाकून झाले असते.

हळदपेठ:
पहिल्या आज्ञेने बरीच अर्धवट पॅकेजेस पूर्ण केली आणि हेडर्सही बसले. आता 'डीकेएमएस स्टेटस'मध्ये ६.८ दिसते, सिक्युअर बूट बंदच आहे आणि वायफाय सुरू झाले आहे. कृष्णाकाठ, मनःपूर्वक आभार.