विषाणूच्या तापानंतर वास गेला तर: बिघाड कुठे, सराव कसा?

प्रश्न
कोविडनंतर नाक मोकळं होतं, पण वास येत नाही. विषाणू मेंदूत शिरून मज्जापेशी मारतो म्हणतात, हे कितपत खरं? आणि वासाच्या सरावाची नेमकी पद्धत काय?

उत्तर १
मुख्य इजा नाकाच्या छताशी होते. विषाणूला पेशीत शिरायला एसीई-२ हे प्रथिन लागतं. वास टिपणाऱ्या मज्जापेशींवर ते जवळपास नसतंच, असतं त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर. त्या मेल्या की दाह होतो आणि मज्जापेशींची कामं मंदावतात. आधारपेशी लवकर भरून येतात, म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परततो. मज्जापेशीच गेल्या असतील तर तळाच्या मूळपेशींपासून नव्या बनून त्यांचे तंतू चाळणीसारख्या हाडातून वर मेंदूतल्या गंधकंदापर्यंत, म्हणजे वासाचे संदेश घेणाऱ्या भागापर्यंत, पोचावे लागतात. त्याला महिने जातात.

उत्तर २
जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे गंधसंशोधक थॉमस हुमेल यांच्या २००९ च्या अभ्यासातले चार वास घ्या: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. गडद काचेच्या चार बाटल्या, प्रत्येकीत कापसाचा बोळा आणि त्यावर त्या-त्या वासाच्या सुगंधी तेलाचे ८-१० थेंब. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली १५-२० सेकंद हलकेच हुंगायची, मध्ये अर्धा मिनिट थांबायचं. हुंगताना लक्ष त्याच वासावर, टीव्ही बंद. निदान १२ आठवडे. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात, तिथेच घोटाळा होतो. तेल उडून जातं. ज्याला वास नीट कळतो अशा घरातल्या कुणाकडून बाटल्या अधूनमधून तपासून घ्या.

प्रश्नकर्ता
निलगिरी पहिल्या दिवसापासून कळते, गुलाब अजिबात नाही, असं का होतं?

उत्तर २
निलगिरी झोंबते. ते झोंबणं चेहऱ्याची ट्रायजेमिनल नस कळवते, गंधाची नस नव्हे. प्रगती गुलाबावरून जोखा.

उत्तर ३
मध्येच कॉफी, कांदा, लसूण, तळणीचे वास कुजकट यायला लागले तर घाबरू नका. नव्या मज्जापेशींच्या जोडण्या अर्ध्यामुर्ध्या झाल्या की असं होतं. सराव चालू ठेवा. जस्ताचे नाकातले फवारे मात्र टाळा, त्यांनी वास कायमचा गेल्याच्या तक्रारी आहेत.

आणि कृपा करून गॅसकडे बघा. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, तोच वास गेलेल्या माणसाला कळत नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून गळतीची सूचना देणारा डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवरच बसवा. फ्रिजमधल्या शिळ्या अन्नावर तारखा लिहा. वास एकाच नाकपुडीचा गेला असेल किंवा सोबत नाकातून रक्त येत असेल, तर सराव करत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.