प्रतिसाद: बोलून काय होतं?

‘नातं संपून दोन वर्षं झाली, आता समुपदेशकाशी बोलून काय उपयोग? शिवाय सोलापुरात ओळखीचं कोणी बघितलं तर?’ असं वर विचारलंय, म्हणून लिहिते.

मलाही हीच धास्ती. आपल्याकडे सात रस्ता चौकात रिक्षा केली तर रिक्षावालाही माहेरच्या ओळखीचा निघतो! शेवटी समुपदेशन ऑनलाइन सुरू केलं, घरी कोणी नसताना. पहिल्या तीन-चार वेळा ‘त्या’चा विषय फारसा निघालाच नाही. त्याऐवजी शिकवलं ते हे: छातीत धडधडलं की पाय जमिनीवर टेकवायचे, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायची. याचे पैसे देतेय मी, असं वाटलं. पण आधी शरीर शांत व्हायला लागतं, मग आठवणी. घाईनं उकरलं तर त्रास वाढतो.

एकदा समुपदेशक बाईंनी विचारलं, ‘‘तुम्हाला जेवायला काय आवडतं?’’ मला सांगताच येईना. नऊ वर्षं त्याच्या आवडीचंच रांधलेलं. त्या रात्री कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही घेऊन एकटीच जेवले. हसू नका, मी मला सापडायला लागले ते तिथून.

पैशांची अडचण असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ती नियमित थेरपी नव्हे, पण पुढे कुठे जायचं ते कळतं. आणि गुप्ततेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे.

हो, समुपदेशकच ‘जुळवून घ्या’ म्हणाले तर सरळ बदला. माझे पहिले तसेच होते.