एचडी वाहिनी असूनही धावत्या दृश्यात चित्र का फुटते?

प्रश्न:
माझ्याकडे एचडी जोडणी आहे आणि सेट टॉप बॉक्सच्या मेनूत सिग्नलची ताकद व गुणवत्ता दोन्ही उत्तम दिसतात. तरीही फुटबॉलच्या सामन्यात कॅमेरा वेगाने फिरला की मैदानावरचे गवत सपाट हिरव्या रंगाचे होते, चेंडूभोवती बारीक चौकोन उमटतात आणि कॅमेरा थांबताच गवत पुन्हा स्पष्ट होते. बातम्यांच्या निवेदकाचा चेहरा मात्र स्वच्छ दिसतो. दोष टीव्हीचा, केबलचा की सेवा पुरवठादाराचा?

उत्तर १:
ही कॉम्प्रेशनची, म्हणजे चित्राची माहिती दाबून लहान केल्याची, लक्षणे आहेत. डिजिटल सिग्नल कमकुवत असेल तर चित्र गोठते, त्याचे मोठे तुकडे विस्कटतात, आवाज तुटतो. नुसते गवत पुसट होत नाही. स्टुडिओतून निघणारा एचडी सिग्नल सेकंदाला सुमारे १.५ गिगाबिटचा असतो, तर घरी पोहोचतात ते काही मेगाबिट. हे दाबण्याचे काम करणारे यंत्र, म्हणजे एनकोडर, एका फ्रेमपासून (स्थिर चित्रापासून) दुसरीपर्यंत जे बदलले तेवढेच प्रामुख्याने पाठवतो. निवेदकाच्या दृश्यात ओठ आणि डोळ्यांपलीकडे फारसे काही हलत नाही, म्हणून थोडक्या बिटांत भागते. हलते गवत, पाऊस, लाटा यांत मात्र जवळपास सगळेच बदलत असते. बिट अपुरे पडले की आधी बारीक तपशील गळतो, आणि त्यानेही भागले नाही तर चौकोनांच्या कडा उघड्या पडतात.

उत्तर २:
वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त कमी बिटरेट (दर सेकंदाला पाठवलेले बिट) म्हणजे फसवणूकच, असे समजू नये. २००३ साली आलेल्या एच.२६४ या कॉम्प्रेशनच्या मानकामुळे एमपीईजी-२ या जुन्या मानकाच्या जवळपास निम्म्या बिटरेटमध्ये तितकेच चांगले चित्र देता येऊ लागले. माझा आक्षेप आहे तो वाचलेल्या जागेच्या वापराला. उपग्रहाच्या एका ट्रान्सपाँडरची (सिग्नल घेऊन पुन्हा पाठवणाऱ्या उपकरणाची) क्षमता ठरलेली असते आणि त्यावरच्या वाहिन्या ती गरजेप्रमाणे आपसांत वाटून घेतात. तिथे आणखी वाहिन्या कोंबल्या, की एकाच वेळी दोन-तीन सामने सुरू असताना प्रत्येकाच्या वाट्याला तुटपुंजे बिट येतात. काही ठिकाणी तर १९२० ऐवजी १४४० पिक्सेल रुंदीचे चित्र पाठवून ते बॉक्समध्ये ताणले जाते, आणि वाहिनीवरचा एचडीचा शिक्का तसाच राहतो. ग्राहक पैसे मोजतो ते चित्रासाठी, शिक्क्यासाठी नव्हे.

प्रश्नकर्ता:
मग टीव्हीचा शार्पनेस वाढवून काही उपयोग होईल का?

उत्तर १:
उलट तो कमी करा, कारण शार्पनेस वाढवला की चौकोनांच्या कडा अधिकच ठळक होतात. गळून गेलेला तपशील टीव्ही परत आणू शकत नाही. तीच वाहिनी साध्या अँटेनावर मिळत असेल, तर तोच सामना दोन्हीकडे पाहा. अँटेनावर गवत टिकले, तर तपशील पुरवठादाराकडे गळतो आहे. तक्रार करताना ‘चित्र खराब आहे’ असे न लिहिता वाहिनी, वेळ आणि दृश्य नोंदवा आणि त्या वाहिनीचा बिटरेट व रिझोल्यूशन लेखी मागा. नाहीतर तंत्रज्ञ येऊन केबल बदलून जाईल आणि चित्र होते तसेच राहील.