पिल्लाला रद्दीची सवय लावावी का?

जुळे सोलापूरकर: कुत्र्याचं नवीन पिल्लू आलं की पहिला सल्ला मिळतो शूसाठी रद्दी पसरायचा. माझं मत, रद्दी नकोच. ८-९ आठवड्यांच्या वयात पायाखाली जे लागतं, त्यावरच शू करायची सवय पक्की होत जाते. मग टीपॉयवरून पडलेला पेपरही त्याच्या लेखी संडासच. झोपून उठलं, खेळ थांबला, खाऊन १०-१५ मिनिटं झाली की उचलून रोज त्याच जागी खाली न्या. चालवत नेलं तर जिन्यातच होतं. पट्टा धरून गप्प उभं राहा आणि शू संपताक्षणी तिथेच खाऊ द्या. वर आल्यावर दिलात तर त्याला तो घरात आल्याचा वाटतो.

तिसरा मजला, होटगी रोड: काय ओ, आणि लसी? पार्वोचा, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाचा, विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. ६-८ आठवड्यांना पहिला डोस, पुढचे ३-४ आठवड्यांच्या अंतराने, १६ आठवडे होईस्तोवर. तोवर मोकाट कुत्र्यांच्या जागेत सोडायचं? २ महिन्यांचं पिल्लू जेमतेम २-३ तास धरतं, म्हणजे दिवसाला आठ-दहा वेळा जिना. मे महिन्यात दुपारी डांबरावर पंजे भाजतील ते वेगळंच. गॅलरीत पेपरचे चार थर टाका, बदलताना शूने ओला झालेला एक तुकडा नव्या थरांखाली ठेवा. वासावर जागा ओळखतं.

वाळूवाला: दीड बाय दोन फुटांचा ट्रे घ्या, २-३ इंच वाळू भरा. काळी माती नको, भिजली की पंजांना चिकटून घरभर. डोस पूर्ण झाले की त्यातलीच मूठभर ओली वाळू खालच्या जागी टाका.

नाक घासा: एवढं कशाला? केलेल्या जागी नाक घासलं की दोन दिवसांत शिकतं.

जुळे सोलापूरकर: शिकतं हेच, की माणसासमोर करायची नाही. मग सोफ्यामागे करतं, आणि खाली नेलं तर तुमच्यासमोर अडून बसतं.

लसीचं मान्य, वाळूही चालेल. पण निम्मी फजिती पुसण्यात आहे. शहाबादी फरशीत मूत्र मुरतं. फिनेलने आपल्या नाकाचं समाधान होतं, त्याच्या नाही. शिवाय पिल्लू पंजे चाटतं, फिनेल पोटात जातं. व्हिनेगरचा सल्ला शहाबादीला लावू नका, चुनखडीचा दगड आहे, आम्लाने खातो. आधी जुन्या टॉवेलने दाबून टिपा, घासू नका. मग एन्झाइमचं, म्हणजे मूत्राचा वास मुळातून मोडणारं, क्लीनर ओतून १०-१५ मिनिटं मुरू द्या. आणि टॉवेल तिथे विसरू नका, नाहीतर कापडावर करायची सवय लागेल आणि पुढचा नंबर पलंगावरच्या चादरीचा.

तिसरा मजला, होटगी रोड: फरशीचं पटलं. रात्री ७ नंतर पाणी बंद करावं का?

वाळूवाला: आपल्या उन्हाळ्यात अजिबात नको. जेवण ७ ला उरका, रात्री २ चा गजर लावा. दर दहा मिनिटांनी थेंब-थेंब होत असेल तर मात्र शिकवणं बाजूला ठेवा, डॉक्टर गाठा.