उभ्या ट्रेलरखाली कार घुसली, गुन्हा मात्र गेलेल्या माणसावरच. क्लेम होतो का?

निफाडकर:

नमस्कार मंडळी. डोकं जागेवर नाहीये, मागेपुढे लिहिलं गेलं तर समजून घ्या. बारा दिवसांपूर्वी माझे दाजी गेले. धुळ्याहून नाशिकला येत होते, रात्री पावणेदोनच्या सुमारास मुंबई-आग्रा हायवेवर चांदवडच्या अलीकडे एक कंटेनरचा ट्रेलर बंद पडून डाव्या लेनमध्येच उभा होता, त्याच्याखाली मागून कार घुसली. दाजी चालवत होते, ताई शेजारी, भाची मागच्या सीटवर झोपलेली. ताईचा खांदा आणि तीन बरगड्या, भाचीच्या हाताला प्लास्टर. दाजी जागेवरच गेले.

मी पहाटे पोचलो तेव्हा गाडी तशीच होती. बंपर आणि नंबर प्लेट जवळपास धड, बोनेट ट्रेलरच्या खाली गेलेलं आणि काचेपासून वरचं छप्पर मागे चुरगळून गेलेलं. समोरची एअरबॅग उघडलीच नव्हती. ट्रेलरला मागे खाली जो आडवा पाइप असतो तो एका बाजूने तुटून लोंबत होता, दुसरी बाजू तारेने बांधलेली आणि ती तार गंजलेली, म्हणजे अपघाताच्या कितीतरी आधीपासूनची. मागची रेडियमची पट्टी चिखलाने भरलेली होती, मी अंगठ्याने घासली तेव्हा खालून लाल दिसली. त्रिकोण वगैरे काही नाही, तीन दगड आणि एक लिंबाची फांदी, ती पण ट्रेलरपासून चार-पाच पावलांवर. लाइट तर एकही चालू नव्हता.

आणि एफआयआर काय, तर मयत चालकाने भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने व अविचाराने वाहन चालवून स्वतःच्या मरणास कारणीभूत. हवालदार म्हणाले, मागून ठोकलं ना, मग चूक मागच्याचीच. ट्रान्सपोर्टवाल्यांचा माणूस दाजींच्या दहाव्याला घरी आला, पन्नास हजार देतो म्हणाला आणि एका कागदावर ताईची सही मागत होता. मी त्याला परत पाठवला. खरंच मागून धडकलं की सगळी चूक आपलीच असते का? ताईला काही मिळू शकतं का? दाजींचं हार्डवेअरचं दुकान होतं, वय ३८, रिटर्न भरत होते. मागे ताई, नऊ वर्षांची भाची आणि दाजींची आई.

क्लेम_वकील:

दादा, आधी मनापासून सांत्वन. सही केली नाहीत हे फार बरं केलंत, कोणत्याच कागदावर करू नका.

मी वीस वर्षं मोटार अपघात न्यायाधिकरणात काम करतोय. मागून धडकला म्हणजे त्याचीच चूक असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही, हे पोलीस स्टेशनच्या टेबलावरचं वाक्य आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सांगतं की गाडी अशा जागी किंवा अशा स्थितीत सोडायची नाही की दुसऱ्याला धोका होईल. बंद पडली तर पार्किंग लाइट आणि मागेपुढे परावर्तक त्रिकोण लागतो. दगड आणि फांदी म्हणजे इशारा नाही, रात्री तो उलट दुसरा अडथळा.

सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे. गॅसचा टँकर रात्री रस्त्याच्या मधोमध, इंडिकेटर नाही, पार्किंग लाइट नाही, असा उभा आणि त्यावर मारुती कार धडकली. हायकोर्टाने अर्धी चूक कारवाल्याची धरली होती, सुप्रीम कोर्टाने ती काढून टाकली आणि सगळी जबाबदारी टँकरवर टाकली. २०२४ मध्ये पुन्हा तसंच, कर्नाटकातलं प्रकरण, चौदा चाकी ट्रेलर हायवेवर कुठलीही खूण न लावता सोडलेला, तिथेही खालच्या कोर्टांनी पन्नास टक्के कापले होते आणि सुप्रीम कोर्टाने संपूर्ण जबाबदारी ट्रेलरवर ठेवली.

पण दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर तुम्हाला खोटी आशा लावल्यासारखं होईल. त्याच २०१८ साली सुप्रीम कोर्टानेच दुसऱ्या केसमध्ये कारवाल्याला जबाबदार धरलं. तिथे ट्रक चालता होता, कार दहा-पंधरा फुटांवरून मागे होती, ट्रकने ब्रेक मारला आणि कार आदळली. अंतर ठेवलं नाही म्हणून क्लेम गेला. तेव्हा सगळं यावर अवलंबून की ट्रेलर उभा होता की चालू, कुठल्या लेनमध्ये होता, दिसत होता की नव्हता. तुमच्याकडे उभा होता, लेनमध्ये होता आणि अंधारात होता. हे तीन मुद्दे कागदावर आले पाहिजेत, आणि ते पहिल्या महिन्यातच येतात.

पैशाचा अंदाज देतो म्हणजे पन्नास हजारांची किंमत कळेल. समजा दाजींचं टॅक्स वजा जाता वार्षिक उत्पन्न सहा लाख. चाळिशीच्या आतले आणि स्वतःचा धंदा म्हणून भविष्यातल्या वाढीचे चाळीस टक्के धरायचे, झाले आठ लाख चाळीस हजार. तीन अवलंबून म्हणून त्यांच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा, राहिले पाच लाख साठ हजार. ३६ ते ४० वयाला गुणक १५. म्हणजे चौऱ्याऐंशी लाख, शिवाय अंत्यविधी, पतीच्या आणि वडिलांच्या साथीला मुकल्याबद्दलची रक्कम वगैरे वेगळं. दाजींची निम्मी चूक ठरली तर बेचाळीस. म्हणून इन्शुरन्सवाले तो टक्का वर नेण्यासाठी जिवाचं रान करतात.

मुदत लक्षात ठेवा, १ एप्रिल २०२२ पासून क्लेमला अपघातापासून सहा महिने. या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे पण त्या भरवशावर थांबू नका. अर्ज ताई राहते तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो.

गाडीमालक_सांगली:

माझ्या स्वतःच्या चार गाड्या आहेत, ट्रान्सपोर्ट लाइनमध्येच आयुष्य गेलं, तरी लिहितो कारण हे वाचून गप्प बसवत नाही.

तो मागचा पाइप म्हणजे अंडररन गार्ड, आम्ही नुसतं मागचा गार्ड म्हणतो. आयएस १४८१२ या भारतीय मानकाप्रमाणे गाडी रिकामी असताना त्याची खालची कड जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा वर नको, आणि तो चासीला नीट बोल्ट केलेला पाहिजे म्हणजे धडक बसली तर वाकेल पण सुटणार नाही. कारचं बोनेट आणि पुढची सगळी चुरगळणारी जागा त्या गार्डवर अडकली तर धक्का गाडी खाते, माणसं वाचण्याची आशा असते. गार्ड नसला की बोनेट खाली सरकतं आणि ट्रेलरची कड थेट काचेवर येते. तुमची एअरबॅग उघडली नाही ती पण बहुतेक त्यामुळेच, पुढच्या भागाला हवा तसा धक्का बसलाच नाही. बाजूने घुसू नये म्हणून साइड गार्ड असतो त्याला वेगळा आयएस १४६८२ आहे.

आता खरं सांगतो, बऱ्याच गाड्यांना हा गार्ड पासिंगपुरता असतो. माल भरताना मध्ये येतो, डॉकला आपटतो, वाकला की गॅरेजवाला म्हणतो कापून टाकू आणि पुढच्या पासिंगला बघू. तार बांधलेली होती असं तुम्ही म्हणता तर मी डोळे झाकून सांगतो की तो आधीच मोडलेला होता आणि मालकाला माहीत होतं. ड्रायव्हरची बाजू एवढीच की हायवेवर गाडी बाजूला घ्यायला जागा नसते, कडेच्या पट्ट्यावर टपऱ्या असतात, क्रेन यायला दोन-दोन तास जातात. पण १०३३ ला फोन करणं आणि त्रिकोण लांब नेऊन ठेवणं याला काय लागतं? माझ्या ड्रायव्हरना मी दोन त्रिकोण आणि बॅटरीवरचा लाल लुकलुकणारा दिवा दिलाय, सगळा खर्च हजार रुपयांच्या आत.

एक काम आजच करा. हॉर्सचा, म्हणजे पुढच्या इंजिनवाल्या गाडीचा नंबर आणि मागच्या ट्रेलरचा नंबर वेगळा असतो, इन्शुरन्स पण वेगळा असू शकतो. दोन्ही नंबर परिवहनच्या ॲपवर टाकून फिटनेस, परमिट, इन्शुरन्सची तारीख बघा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा.

न्यूजर्सीकर:

इथे अमेरिकेत या मागच्या गार्डला अजून मॅन्सफिल्ड बार म्हणतात. १९६७ मध्ये जेन मॅन्सफिल्ड ही नटी लुइझियानात अशीच ट्रेलरखाली गाडी जाऊन गेली, मागच्या सीटवरची तिची मुलं वाचली. पण लिहायचं कारण वेगळं. २०२४ साली सेंट लुईसच्या ज्युरीने ट्रेलर बनवणाऱ्या वाबाश कंपनीविरुद्ध ४६ कोटी २० लाख डॉलरचा निकाल दिला, २०१९ मध्ये दोन तरुण ट्रेलरच्या मागच्या गार्डखाली कार जाऊन मेले होते. गार्ड त्या काळच्या नियमाप्रमाणे होता हे कंपनीचं म्हणणं ज्युरीने मानलं नाही. पुढे न्यायाधीशांनी दंडाची रक्कम बरीच कमी केली, तरी मुद्दा राहतोच की इथे चालक आणि मालकाच्या पलीकडे बनवणाऱ्यापर्यंत बोट जातं. भारतात असं होतं का?

क्लेम_वकील:

@न्यूजर्सीकर क्लेम न्यायाधिकरणात चालक, मालक आणि इन्शुरन्स, एवढेच असतात. बनवणाऱ्याविरुद्ध ग्राहक कायदा किंवा दिवाणी दावा करता येतो पण या केसमध्ये गार्ड मालकाने मोडका ठेवला, त्यामुळे तिकडे जाऊ नका दादा, शक्ती वाया जाईल.

निफाडकर:

सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न राहिले. ट्रेलर उभा होता, चालू नव्हता, मग "वाहनाच्या वापरातून अपघात" यात तो बसतो का, असं तो ट्रान्सपोर्टवाला म्हणत होता. आणि दाजींची थोडी चूक धरलीच तर ताईच्या आणि भाचीच्या पैशातूनपण कापतील का? ताई रोज एकच विचारते, त्यांनी वेगात चालवली असं कायम लिहिलेलं राहणार का. मीटरचा काटा किती होता तिलाही आठवत नाही, तिला एवढंच आठवतं की समोर एकदम काळी भिंत आली.

क्लेम_वकील:

पहिलं, उभी गाडी पण वापरातच. हे तर आपल्याच भागातल्या केसवर ठरलंय. १९८७ ला सातारा जिल्ह्यात नॅशनल हायवे चारवर पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून रस्त्याच्या कडेला पडला, काही तासांनी स्फोट झाला आणि जमलेले लोक गेले. १९९१ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गाडी थांबलेली असली, बंद पडलेली असली तरी तो वापरच.

दुसरं फार महत्त्वाचं, आणि बरेच वकीलसुद्धा इथे घोळ घालतात. तुमचे तीन क्लेम वेगवेगळे. दाजींच्या मृत्यूचा एक, त्यात त्यांची चूक ठरली तर तेवढे टक्के कापले जातील. ताईच्या जखमांचा दुसरा, भाचीचा तिसरा. त्या दोघी प्रवासी, त्यांनी स्टिअरिंग धरलं नव्हतं, म्हणून चालकाची चूक त्यांच्या नावावर टाकून पैसे कापता येत नाहीत, हे २०२४ च्या त्याच निकालात स्पष्ट आहे. ट्रेलरची चूक सिद्ध झाली की पूर्ण रक्कम ट्रेलरच्या इन्शुरन्सकडून वसूल करता येते, आपसातला हिशोब त्यांचा ते बघतील. दाजींची पॉलिसी फर्स्ट पार्टीची असेल तर तीही काढून बघा, मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा त्यात किंवा वेगळा असतो. आणि अगदी चूक सिद्ध करताच आली नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूला पाच लाख, गंभीर जखमेला अडीच लाख, तिथे कोणाची चूक हे बघतच नाहीत. पण १६४ चे पैसे घेतले की कलम १६६ चा, म्हणजे चूक सिद्ध करून मागायचा मोठा क्लेम संपतो, म्हणून कोणी घाईने तो अर्ज पुढे केला तर सही करू नका.

एफआयआरचं म्हणाल तर ती दगडावरची रेघ नाही. आरोपीच मयत म्हणून पोलीस अबेट समरी, म्हणजे केस बंद करायचा अहवाल, पाठवून मोकळे होतील, त्याआधी ताईचा पुरवणी जबाब द्या. लाइट नव्हते, त्रिकोण नव्हता, काळी भिंत दिसली, हे तिच्याच शब्दांत. ट्रेलर चालक-मालकावर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आणि रस्ता अडवल्याचं २८५ लावावं असा लेखी अर्ज ठाण्यात आणि एसपी ऑफिसला, पोच घेऊन. काही झालं नाही तर कोर्टाकडून पुढचा तपास मागता येतो.

वाईकर_ताई:

माझा नवरा असाच गेला, २०१९ ला. उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही. मी कोर्टाची पायरी कधी चढले नव्हते. साडेतीन वर्षं लागली पण झालं.

तुमच्या ताईंना सांगा, मी हरले असते ते फक्त एका गोष्टीमुळे. ट्रॉली आठ दिवसांत सुपुर्दनाम्यावर, म्हणजे हमी लिहून घेऊन मालकाच्या ताब्यात, सुटली आणि मालकाने तिला नवी पट्टी, नवे दिवे लावून आणले, तपासणीच्या कागदावर नुसतं ब्रेक बरोबर एवढंच लिहिलेलं. आमच्याकडे पुरावा कसला, तर दिराने मोबाइलवर काढलेले सहा फोटो. त्यातल्या एका फोटोत ट्रॉलीच्या मागे दिव्याच्या जागी नुसतं भोक दिसत होतं आणि त्यातून वायरचं टोक बाहेर आलेलं. समोरच्या वकिलाने दोन तास उलटतपासणी घेतली पण त्या भोकाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. दहा टक्के आमच्याकडे धरले, नव्वद त्यांच्याकडे. मुलाचा हिस्सा कोर्टाने तो अठरा वर्षांचा होईपर्यंत बँकेत ठेवलाय.

ट्रेलर अजून ठाण्याच्या आवारात आहे का ते आधी बघा. असेल तर त्या तारेचा जवळून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. टक्क्यावर काम करतो म्हणणारा वकील घेऊ नका, त्यांना ते चालतच नाही. फी आधी ठरवा.

निफाडकर:

वाईकर ताई, तुमचा मेसेज ताईला वाचून दाखवला. भोक आणि वायरचं ऐकल्यावर ती पहिल्यांदा उठून बसली आणि म्हणाली माझा जबाब मीच देणार. ट्रेलर अजून ठाण्यामागेच उभा आहे, आत्ताच मित्राला पाठवून खात्री केली, तार पण तशीच आहे. मालकाने सोडवण्याचा अर्ज टाकलाय असं कळलं. सकाळी सात वाजता मोजपट्टी आणि दोन फोन घेऊन जातोय, वकीलसाहेब, तुम्हाला मेसेज केलाय, कोर्टात ट्रेलर सोडण्याआधी नीट तपासणी करा असा अर्ज लगेच देता येतो का तेवढं सांगा.